पांढरी, रिठी आणि पहिला चर

विदर्भातल्या पुरातत्त्वाची सुरुवात पुरातत्त्वज्ञांनी केलेली नाही. ती केली एका मिशनऱ्याने, एका लष्करी अधिकाऱ्याने आणि एका सनदी नोकराने. तिघांचेही पोट दुसऱ्याच कामावर चालत होते. आजच्या भाषेत सांगायचे तर तिघेही हौशी. स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले ते धर्मप्रचारासाठी, पण त्यांचा जीव रमला इथल्या खडकांत, जीवाश्मांत आणि आदिवासींच्या भाषांत. 4 सप्टेंबर 1863 रोजी ते इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर टाकळघाटची शिळावर्तुळे आणि तिथले खोदकाम पाहायला गेले आणि परतताना पूर आलेल्या ओढ्यात बुडून मरण पावले. पुढच्या काही वर्षांत मेजर पिअर्स यांनी कामठीच्या छावणीजवळचे एक वर्तुळ उघडले. महसुली कारभारातले जे. एच. रिव्हेट-कार्नॅक यांनी नागपूरजवळच्या जुनापाणीची वर्तुळे खणली आणि 1879 मध्ये त्यांवर निबंध छापला. या मंडळींना हौस होती, चिकाटी होती आणि लिहून ठेवण्याची सवयही होती. तरीही त्यांच्या खोदकामातून जे हाती आले ते मुख्यतः लोखंडाची हत्यारे, मडकी आणि एक प्रश्न: ही वर्तुळे इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या वर्तुळांसारखी दिसतात, मग ती रचणारे लोक आले कुठून? शंभर वर्षांनी पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव आणि त्यांचे सहकारी त्याच मुलखात उतरले. टाकळघाट-खापा 1968-69 मध्ये, माहुरझरी 1970 ते 1972 मध्ये, नैकुंड 1978 ते 1980 मध्ये खणले गेले. तेव्हा प्रश्न बदलला होता. हे लोक लोखंड कसे गाळत, घोड्याला काय चढवत, वर्तुळांत पुरलेली माणसे राहत कुठे, असे विचारले जाऊ लागले. नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. भट्टी म्हणजे भाजलेल्या मातीचे तुकडे आणि मळी. आधीच्या शतकातला खोदणारा असता तर हे सगळे त्याने घमेल्यात भरून बाहेर टाकले असते, आणि त्यात त्याचा दोषही फारसा नव्हता. हत्यार शोधणाऱ्याला मळी दिसत नाही.

या दोन पिढ्यांतला फरक पदवीचा होता असे मानले तर या प्रकरणाला अर्थ उरत नाही. मग पूर्व विदर्भातल्या गोरेगावच्या हौशी इतिहासप्रेमीला एवढेच सांगून थांबावे लागेल की बाबा रे, तुझे हे काम नव्हे. गोंदियाहून कोहमाऱ्याकडे जाताना लागणारे हे तालुक्याचे गाव. 1 मे 1999 ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला, तेव्हापासून ते त्या जिल्ह्यात आहे. आजूबाजूला धानाच्या बांध्या, माजी मालगुजारी तलाव आणि नागझिऱ्याचे जंगल. अशा गावात इतिहासाची आवड असलेला माणूस हमखास असतो. तो शिक्षक असतो, ग्रामसेवक असतो, कधी किराणा दुकानदार. त्याच्याकडे जुनी नाणी असतात, नागऱ्याच्या शिवमंदिराचे फोटो असतात आणि आपल्या गावाबद्दल एक ठाम सिद्धांतही असतो. त्याला कधीतरी एखाद्या विद्यापीठाच्या किंवा पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात सामील होण्याची संधी मिळते. तेव्हा त्याची अपेक्षा असते काहीतरी सापडण्याची. माझे म्हणणे असे आहे की पहिल्या उत्खननाचा खरा लाभ नेमका याच्या उलट आहे. तिथे त्याची वस्तूवरची नजर सुटते आणि वस्तूच्या शेजाराकडे वळते, आणि ती एकदा वळली की तो आपल्या गावात टिकास उचलेनासा होतो. न खणणारा पण नेमके पाहणारा असा माणूस गोरेगावसारख्या तालुक्याला हवा आहे. तो तयार होण्याची शाळा मात्र उत्खनन हीच आहे, आणि शक्यतो दुसऱ्याच्या गावचे.

उत्खननाच्या चरात दिवसभर चालते ते काम बाहेरून पाहणाऱ्याला कंटाळवाणे वाटेल. दोऱ्या ताणून जमिनीचे चौकोन पाडतात आणि दोन चौकोनांमध्ये न खणलेली मातीची भिंत राखतात. वरचा थर टिकास-पावड्याने काढला तरी पुढे काम येते गवंड्याच्या थापीवर आणि ब्रशवर. निघालेली माती चाळणीतून जाते. खापर मोठे असो की नखाएवढे, ते त्या चौकोनाच्या, त्या थराच्या पिशवीत जाते आणि पिशवीवर चिठ्ठी लागते. रोज संध्याकाळी खोली मोजून वहीत उतरते. शेवटी ती राखलेली भिंत घासून साफ करतात आणि तिच्यावर दिसणाऱ्या थरांचे चित्र काढतात. हे थर पुस्तकातल्या आकृतीसारखे सरळ रेषेत कधीच नसतात. कुणी पूर्वी धान्य ठेवायला बळद खणलेले असते, कुणी कचऱ्याचा खड्डा केलेला असतो, उंदराने बीळ पाडलेले असते. विदर्भातल्या भारी काळ्या मातीला उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात आणि वरच्या काळातला मणी त्या भेगेतून खालच्या काळात जाऊन बसतो. त्यामुळे एखादी वस्तू किती खोल मिळाली याला फारसा अर्थ नसतो. तिच्याभोवतीची माती कोणती, ती खड्ड्याची की थराची, तिच्या बाजूला काय होते, या प्रश्नांना अर्थ असतो. हौशी माणसाला पहिल्या आठवड्यात हे छळल्यासारखे वाटते. हातात मणी आला आणि तो उचलायचा नाही, आधी जागा मोजायची, मग माती पाहायची, मग पर्यवेक्षकाला हाक मारायची. पण हा छळ कशासाठी, हे महाराष्ट्रातली एक गोष्ट फार चांगले समजावते.

प्रवरेकाठच्या दायमाबादला 1974 मध्ये एका भिल्ल शेतमजुराला झुडपाची मुळे खणताना काशाच्या चार भारी मूर्ती मिळाल्या: बैलांचा रथ आणि त्यात उभा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. चारही मिळून साठ किलोंच्या वर वजन. भारतीय पुरातत्त्वातल्या सर्वांत देखण्या वस्तूंमध्ये त्यांची गणना होते आणि त्या पाहायला लोक दूरवरून येतात. पण त्या कोणत्या काळातल्या, या प्रश्नावर विद्वानांचे एकमत झाले नाही. मोठा गट त्यांना उत्तर हडप्पा काळात, म्हणजे चार हजार वर्षांपूर्वीच्या आसपास नेतो. धातूच्या चाचणीत आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून जास्त निघाले आणि त्या काळातल्या इतर तांब्याच्या वस्तूंत तसे आढळत नाही, म्हणून डी. पी. अग्रवाल यांनी शंका घेतली की या मूर्ती बऱ्याच नंतरच्या असाव्यात. दोन्ही बाजूंकडे युक्तिवाद आहेत. नाही तो शेजार. त्या मूर्ती ज्या मातीत होत्या तिथे कोणते खापर होते, खड्डा कोणत्या थरातून खणला होता, हे वस्तू वर येताना कोणी टिपले नव्हते. त्या मजुराला दोष देण्यात अर्थ नाही. तो मुळे खणत होता, इतिहास नव्हे. पुढे 1975 ते 1979 या काळात एस. ए. साळी यांनी दायमाबाद मोठ्या प्रमाणावर खणले, तिथल्या वस्तीचे एकामागून एक कालखंड लावले आणि शेकडो साध्या खापरांना नेमकी जागा मिळाली. साठ किलोच्या मूर्तींना ती मिळाली नाही. म्हणजे त्या गावात कवडीमोलाच्या खापराला वय आहे आणि राजवाड्यात शोभेल अशा रथाच्या वयाबद्दल वाद आहे. उत्खनन कशासाठी, याचे यापेक्षा थोडक्यात उत्तर मला माहीत नाही.

इथे कोणी म्हणेल, मूर्ती निदान वाचल्या ना? हौशी संग्राहक नसते तर कितीतरी गोष्टी भट्टीत वितळल्या असत्या. हे म्हणणे खरे आहे आणि मी ते टाळणार नाही. मराठवाड्यातल्या तेरचे रामलिंगप्पा लामतुरे हे या बाजूचे सर्वांत मोठे साक्षीदार. गावाच्या पांढरीतून पावसाळ्यानंतर उघडे पडणारे मणी, मातीच्या बाहुल्या, नाणी, शंखाच्या बांगड्या त्यांनी वर्षानुवर्षे जमवल्या, आणि आज तेरचे सरकारी पुरातत्त्व संग्रहालय त्यांच्या नावाने उभे आहे. लामतुऱ्यांनी हे केले नसते तर तेर म्हणजे प्राचीन तगर, रोमशी व्यापार करणारे नगर, हे सांगायला आपल्याकडे फार कमी पुरावा असता. त्या संग्रहात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. तिच्यासारखी मूर्ती इटलीत पॉम्पेईला 1938 मध्ये मिळाली. पॉम्पेई इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, त्यामुळे तिथली मूर्ती त्या वर्षाच्या आधीची आहे हे शाळकरी पोरही सांगेल. आणि तेरच्या मूर्तीचा काळ ठरवायला आपल्याला पॉम्पेईचा आधार घ्यावा लागतो! आपल्या मातीतली वस्तू आपल्या मातीकडून काही शिकू शकत नाही, कारण ती मातीपासून तुटून आपल्यापर्यंत आली. तेव्हा संग्राहकाने वाचवले हे मान्य करूनही एवढे म्हणावेच लागते की त्याने वस्तू वाचवल्या, साक्ष अर्धीच वाचली. लामतुऱ्यांच्या काळात याहून जास्त शक्य नव्हते. आज खिशात फोन असलेल्या माणसाला शक्य आहे, पण जागा, माती आणि शेजार टिपायचा असतो हे त्याला कुठेतरी शिकावे लागते.

उलट बाजूचे उदाहरण विदर्भातलेच घ्यावे. रामटेकजवळचे नगरधन ही वाकाटकांची नंदिवर्धन नावाची राजधानी असावी, हे ताम्रपटांवरून अभ्यासक फार पूर्वीपासून म्हणत होते. 2015 ते 2018 या काळात डेक्कन कॉलेज आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाने तिथे खणले, तेव्हा मातीचा एक लंबवर्तुळाकार ठसा मिळाला. वजन जेमतेम सहा-साडेसहा ग्रॅम. त्यावर ब्राह्मी लिपीत प्रभावतीगुप्तेचे नाव आणि शंखाची आकृती आहे. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही मुलगी वाकाटकांच्या घरात आली आणि नवऱ्यामागे राज्य चालवले, हे तिच्या ताम्रपटांतून ठाऊक होते. पण ताम्रपट हा हलता दस्तऐवज आहे. तो दान घेणाऱ्याच्या घरी जातो, त्याच्या वंशजांबरोबर गावे बदलतो. मातीचा ठसा मात्र मोहरबंद केलेल्या वस्तूचा असतो, ती वस्तू उघडली की फेकला जातो आणि फेकला तिथेच राहतो. म्हणून या राणीचा कारभार नगरधनला पोचत होता हे सांगायला तो ठसा, त्या थरात, त्या ढिगात मिळणे ही मोठी गोष्ट ठरते. हाच ठसा एखाद्या हौशी माणसाने नांगरटीत उचलून पेटीत ठेवला असता तर नाव वाचता आले असते, पण तो नगरधनचा की आणखी कुठून आणलेला, ही शंका कायम राहिली असती. आणि चाळणी लावलेली नसती तर तो मिळालाच असता की नाही कोण जाणे. दोन बोटांत मावणारा मातीचा गोळा मातीत दिसत नाही.

आता गोरेगावच्या माणसाला या कामात नेमके काय जमते, ते पाहू. पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्याला मातीचे रंग ओळखायला तक्त्यांची मदत घ्यावी लागते. धानपट्ट्यातल्या शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला कन्हार, मोरंड, सिहार, खरडी आणि बरडी या शब्दांतच मातीचा रंग, पोत, ओल धरण्याची ताकद आणि त्यात काय पिकेल हे सगळे कळते. कुठली माती मुळातली, कुठली वाहून आलेली, बांधीच्या धुऱ्याला कुठून आणून टाकलेली, हे त्याला एका नजरेत दिसते. ही नजर चरात सोन्याच्या मोलाची आहे. इंग्लंडमधले 1939 चे सटन हू येथील उत्खनन आठवावे. तिथे टेकाडाखाली सातव्या शतकातले जहाज पुरले होते, पण लाकूड आम्लधर्मी वाळूत पार कुजून नाहीसे झाले होते. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या आणि स्वतःच शिकलेल्या बेसिल ब्राउन यांना लोखंडी खिळ्यांची ओळ लागली. त्यांनी एकही खिळा जागचा हलवला नाही, मातीच्या बदललेल्या रंगामागे थापी नेत गेले, आणि जहाज नसलेल्या जागेतून पूर्ण जहाजाचा साचा उघडा झाला. सफोकच्या मातीची त्यांची ओळख शाळेतली नव्हती. पण हेही लक्षात घ्यावे की ब्राउन तिथे पहिल्यांदा थापी धरत नव्हते. इप्सविचच्या संग्रहालयासाठी त्यांनी आधी काही वर्षे कामे केली होती. मातीची जन्मजात ओळख आणि नोंदीची शिकलेली शिस्त अशी जोडी जमली म्हणून ते साधले. पहिले असून दुसरे नसेल तर तो माणूस फक्त चांगला खणणारा होतो, आणि चांगला खणणारा वाईट खणणाऱ्यापेक्षा जास्त नुकसान करतो.

याच तर्काने मी म्हणतो की पहिले उत्खनन परगावचे असावे. आपल्या गावाबद्दल माणसाचा आधीच एक निकाल लागलेला असतो. कुणाला गावात वाकाटक हवे असतात, कुणाला पांडव, कुणाला गोंड राजे, कुणाला बौद्ध विहार. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर 1969-70 मध्ये मोठा स्तूप उघडा झाला, तेव्हापासून वैनगंगेच्या खोऱ्यातल्या प्रत्येक टेकाडाखाली स्तूप असणार असे मानणारे कमी नाहीत. असा माणूस आपल्या टेकाडावर उतरला की त्याला हवे तेच खापर त्याच्या हाताला लागते आणि बाकीची पायाखाली जातात. परक्या गावात त्याचे काही गुंतलेले नसते. तिथे काही निघाले नाही तरी त्याच्या घराण्याची, जातीची, गावाची मान खाली जात नाही. त्यामुळे काही न निघणे हीसुद्धा नोंद असते, हे तो शिकू शकतो. यावर आक्षेप असा येतो की अस्मिता काढून घेतली तर हौस उरतेच कुठे. माणूस इतिहासाकडे येतोच आपल्या गावासाठी. हे नाकारता येत नाही, आणि नाकारायची गरजही नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी व्यवसायाने गणितज्ञ होते, पुरातत्त्व हा त्यांचा छंद होता. पुण्याच्या परिसरातल्या टेकड्या त्यांनी पायी पालथ्या घातल्या, सूक्ष्मास्त्रे वेचली आणि धनगरांच्या वाटा, चौरस्त्यावरच्या देवी आणि ती दगडी हत्यारे यांची सांगड घातली. 1962 च्या त्यांच्या 'मिथ अँड रिॲलिटी' या पुस्तकात हे काम आहे. प्राचीन आहत नाण्यांची झीज समजावी म्हणून त्यांनी चलनातली हजारो आधुनिक नाणी वजन करून पाहिली. आपल्या परिसराची ओढ त्यांना कमी नव्हती. फक्त उत्तर आधी ठरवून ते बाहेर पडत नव्हते, आणि टेकडी खणून काढण्याची घाईही त्यांना नव्हती.

यावर व्यावहारिक माणूस विचारेल: बाहेरचे उत्खनन शिकून येईपर्यंत गावातले टेकाड शिल्लक राहील का? जेसीबी वाट पाहत नाही. वीटभट्टीला माती हवी, रस्त्याला मुरूम हवा, बांध्या सपाट करायच्या आहेत. शिवाय हंड्याच्या नादाने रात्री खणणारे आहेतच. मग शास्त्र गेले खड्ड्यात, जे वाचेल ते आपणच खणून वाचवू, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण हा युक्तिवाद दोन ठिकाणी लंगडा पडतो. पहिले, कायदा. असंरक्षित जागेवरसुद्धा उत्खनन करायचे तर 1958 च्या केंद्रीय कायद्यानुसार राज्य सरकारलाही केंद्राची पूर्वसंमती लागते, तिथे खाजगी माणसाची काय कथा. 1878 चा निधीचा कायदा अजून लागू आहे, आणि दहा रुपयांवरच्या किमतीचा ठेवा जमिनीत मिळाला तर जिल्हाधिकाऱ्याला कळवणे त्याने बंधनकारक केले आहे. 1972 चा पुरावस्तू कायदा वेगळाच. दुसरे, आणि माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे: जेसीबीने फाडलेल्या टेकाडाच्या कडेला थर उघडे पडलेले असतात. तिथे नवे काही न खणता, पट्टी ठेवून फोटो घेणे, थरांची जाडी मोजणे, कुठल्या थरातून कुठले खापर डोकावते हे लिहिणे आणि तहसीलदार व पुरातत्त्व खात्याच्या नागपूरच्या कार्यालयाला लगेच कळवणे, हे हौशी माणूस करू शकतो. आपणही टिकास घेऊन त्यात उतरलो तर यंत्राने सोडलेले तेवढे आपण संपवतो. फरक फक्त हेतूचा राहतो, आणि मातीला हेतू कळत नाही.

दुसरा आक्षेप हौशी मंडळी हळू आवाजात घेतात, पण तो जास्त खरा आहे. तज्ज्ञ येतात, खणतात, वस्तू घेऊन जातात आणि अहवाल वर्षानुवर्षे येत नाही. गावाला काय सापडले हे गावालाच कळत नाही, आणि जागा दाखवणाऱ्याचे नाव तळटीपेतही नसते. भारतात अनेक उत्खननांचे पूर्ण अहवाल कितीतरी उशिरा आले किंवा आलेच नाहीत, हे या क्षेत्रातले लोकही मान्य करतात. बेसिल ब्राउन यांच्या बाबतीतही केंब्रिजचे लोक येताच काम त्यांच्या हातून गेले आणि नाव बरीच वर्षे मागे राहिले. याचे उत्तर 'तज्ज्ञांवर विश्वास ठेवा' हे असू शकत नाही. पण स्वतः खणणे हेही उत्तर नव्हे, कारण न छापलेल्या उत्खननाच्या निदान वह्या कुठेतरी असतात, आणि घरच्या खोदकामाची वहीही नसते. कोकणातल्या कातळशिल्पांचे काम मला या बाबतीत सर्वांत समजूतदार वाटते. रत्नागिरीतल्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी गुराख्यांना, शेतकऱ्यांना विचारत सडेच्या सडे पायी पालथे घातले, शिल्पे साफ करून मोजली, नोंदवली आणि राज्याच्या पुरातत्त्व खात्याबरोबर काम केले. कशेळीचा प्रचंड हत्ती, उक्षी, बारसू अशी ठिकाणे 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, आणि शोधणाऱ्यांची नावे लोकांना ठाऊक आहेत. त्यांच्याजवळची नोंद इतकी भरभक्कम होती की तिच्याशिवाय तज्ज्ञांचे चालणार नव्हते. मान मिळवण्याचा तो रस्ता खणण्यातून जात नाही. उत्खननातल्या मजुरांबद्दलही एक शब्द लिहायला हवा: हौशी माणूस फुकट राबतो म्हणून गावातल्या बाया-माणसांची रोजी कमी होता कामा नये. थापी हातात घेतलेल्या अनुभवी मजुराइतके बारीक काम नवशिक्याकडून होतही नाही. पहिले दिवस त्याने त्यांच्याकडूनच शिकावे.

शिकून परत आलेल्या माणसाला गोरेगावच्या आसपास काय दिसेल? मराठीत गावठाणाच्या जमिनीला पांढरी म्हणतात आणि शेतीच्या जमिनीला काळी. शेकडो वर्षांची राख, शेण, पडलेल्या भिंती यांनी वस्तीची माती पांढुरकी होते. शब्दातच निरीक्षण आहे. गाव उठून गेले तरी पांढरी राहते. महसुली कागदात अशा ओसाड गावांना रिठी म्हणतात, आणि पूर्व विदर्भातल्या गावांच्या याद्यांत हा शब्द गावाच्या नावाला चिकटून वारंवार भेटतो. म्हणजे उठलेल्या वस्त्यांची पहिली यादी तलाठ्याच्या दप्तरात आधीच तयार आहे. ती घेऊन फिरायचे कधी, हे धानपट्ट्यात शेती ठरवते. पावसाळाभर बांध्या पाण्याखाली, त्यानंतर धान कापला तरी बऱ्याच बांध्यांत उतेऱ्याची लाखोरी उभी. लाखोरी निघाली की फेब्रुवारी-मार्चपासून पहिल्या पावसापर्यंत जमीन उघडी असते. पण चिखलणीने वरची माती दरवर्षी घुसळली जाते, त्यामुळे बांधीतल्या खापरांवर फार भिस्त ठेवू नये. धुऱ्यांवर, टेकाडाच्या उतारावर आणि तलावाच्या पाळीच्या पायथ्याशी जास्त पाहावे. कचारगडसारख्या जागी, जिथे माघ पौर्णिमेला गोंड समाजाची मोठी यात्रा भरते, तिथे तर वेचायलाही वाकू नये. ती जागा कुणाचा पुरावा होण्याआधी कुणाची तरी श्रद्धा आहे, आणि त्या लोकांना विचारल्याशिवाय तिथली नोंदसुद्धा अपुरीच राहते.

तलावांचा प्रश्न मला सर्वांत निकडीचा वाटतो, आणि त्याकडे कोणी फारसे पाहत नाही. कोहळी समाजाने बांधलेले हे माजी मालगुजारी तलाव गाळाने भरलेत आणि 2017 पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या योजनेत अशा जलसाठ्यांतला गाळ काढून शेतात टाकला जातो. शेतीला ते चांगलेच आहे. पण तलावाच्या पोटातल्या गाळात वरच्या वस्त्यांतून वाहून आलेली खापरे असतात, कधी पाळीखाली गेलेल्या जुन्या पांढरीची मातीही असते. ती ट्रॉलीतून दोन-चार किलोमीटरवरच्या बांधीत पसरते. पन्नास वर्षांनी कुणी सर्वेक्षक त्या बांधीत उभा राहून खापरे वेचेल आणि इथे जुने गाव होते असे नकाशावर टिपेल, तेव्हा तो चुकलेला असेल आणि त्याला ते कळणारही नाही. त्याला वाचवू शकतो तो आज गावात राहणारा माणूस. कोणत्या तलावातला गाळ कोणत्या साली कोणत्या गट नंबरच्या शेतात पडला, पाळ कापताना किती हातांवर राखेचा पट्टा दिसला, त्यात काळी-तांबडी खापरे होती की नव्हती, हे त्याने तारीख घालून वहीत लिहावे आणि तिची एक प्रत विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाकडे पाठवावी. ट्रॉली धुऱ्यावरून पुढे सरकण्याआधी गट नंबर विचारून घ्यायला दोन मिनिटे पुरतात.